मुलांची त्वचा आणि सनस्क्रीनची पारख

वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेल्या भंडारा जिल्ह्याची ख्याती तलावांसाठी आणि धानासाठी असली, तरी ज्याने येथे एक तरी वैशाख काढला आहे, त्याच्या स्मरणात प्रथम राहते ते येथील ऊन. सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावरील ह्या प्रदेशात मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात, म्हणजे नवतपा सुरू होतो त्याच दिवसांत, मध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि अंगणात उभ्या केलेल्या काठीची सावली क्षणभर तिच्या बुडाशीच लोप पावते. मार्चपासून शाळा सकाळपाळीच्या होतात, आणि राज्याच्या अन्य भागांतील शाळा उघडल्या तरी विदर्भातील शाळांना जूनच्या अखेरीपर्यंत सुटी द्यावी लागते. अशा प्रदेशातील आईबापांच्या मनात लेकराच्या कातडीविषयी काळजी उत्पन्न व्हावी हे स्वाभाविकच आहे. आणि मुलांच्या हसऱ्या चित्रांनी सजविलेल्या सनस्क्रीनच्या ट्यूबा जसजशा औषधांच्या दुकानांतून दिसू लागल्या, तसतसे ह्या काळजीने एका निश्चित प्रश्नाचे रूप घेतले आहे. ह्या मलमातील द्रव्ये माझ्या मुलाच्या त्वचेला निर्धोक आहेत काय?

प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर ट्यूबच्या दर्शनी भागावर छापलेले नसते, आणि दुकानदाराच्या शिफारशीवर किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अनुभवावरही ते सोडून देता येत नाही. ते तीन पायऱ्यांनी आपले आपणच काढावे लागते: मुलाला ह्या मलमाची मुळात गरज आहे काय हे प्रथम पाहावे, मग वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी, आणि शेवटी त्याच मुलाच्या त्वचेवर थोड्या प्रमाणात चाचणी घ्यावी. ह्या तिन्ही पायऱ्या सामान्य शिकलेल्या पालकाच्या आवाक्यातील आहेत, म्हणून त्यांचा क्रमाने विचार करू.

गरज आधी पाहावी

उन्हापासून होणारा त्रास दोन प्रकारचा असतो आणि त्यांची गल्लत करणे घातक ठरते. एक त्रास उष्णतेचा: शरीरातील पाणी आणि क्षार आटतात, मूल मलूल होते, अंग तापते आणि प्रसंगी उष्माघात होतो. दुसरा त्रास अतिनील किरणांचा: हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंगाला उष्ण लागत नाहीत, परंतु त्वचा लाल होणे, काळवंडणे, पुढे सुरकुतणे आणि कित्येक वर्षांनी काहींना त्वचेचा कर्करोग होणे हे त्यांचे परिणाम होत. सनस्क्रीन काम करते ते केवळ ह्या दुसऱ्या त्रासावर. ते लावलेल्या मुलाला भर दुपारी क्रिकेट खेळावयास सोडले, तर त्याची कातडी कदाचित लाल होणार नाही, पण उष्माघातापासून त्याला काडीचेही संरक्षण मिळणार नाही. विदर्भातील पालकांनी ही एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी, कारण येथे मुलांच्या जिवाला धोका असतो तो मुख्यतः उष्णतेपासून, आणि त्यावर उपाय म्हणजे सावली, पाणी, पन्हे आणि दुपारची वेळ घरात काढणे, हाच होय.

दुसरे असे, की सनस्क्रीनविषयीचा पुष्कळसा प्रचार गोऱ्या कातडीच्या देशांत जन्मलेला आहे. १९८१ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या सुप्रसिद्ध मोहिमेचे आवाहन तीन गोष्टींचे होते: सदरा घाला, सनस्क्रीन लावा, टोपी चढवा. त्या देशात युरोपीय वंशाच्या, फिकट त्वचेच्या लोकांत त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे आहे, आणि तरीसुद्धा त्या आवाहनात पहिला मान सदऱ्याला दिलेला होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आपल्याकडील गव्हाळ आणि सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंजकद्रव्य अतिनील किरणांना बऱ्याच अंशी अडवते, आणि त्यामुळे भारतीयांत त्वचेचा कर्करोग तुलनेने विरळ आढळतो. म्हणून भंडाऱ्यातील धडधाकट मुलाला रोज शाळेत जाताना सनस्क्रीन लावलेच पाहिजे, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. हाडांच्या वाढीसाठी लागणारे ड जीवनसत्त्व मुख्यत्वे उन्हातून मिळते, ही गोष्टही विसरून चालणार नाही.

मग गरज कोणाला? ज्या मुलांची त्वचा जन्मतःच रंगहीन आहे, ज्यांच्या अंगावर कोड आहे, ज्यांना उन्हात गेल्याबरोबर पुरळ उठते, ल्युपससारखा आजार आहे किंवा डॉक्सिसायक्लिनसारखे उन्हाची बाधा वाढविणारे औषध चालू आहे, त्यांना सनस्क्रीन हे प्रसाधन नसून उपचाराचा भाग आहे. ते त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने, नेमाने लावावे. गालांवर पांढुरके, कोरडे चट्टे उठलेल्या मुलांचा येथे विशेष उल्लेख केला पाहिजे. ह्या चट्ट्यांना आपल्याकडे सर्रास जंताचे किंवा कॅल्शियमच्या कमतरतेचे डाग म्हणतात, परंतु बहुधा तो त्वचेच्या कोरडेपणातून होणारा एक सौम्य विकार असतो. उन्हाने भोवतालची त्वचा काळवंडली की ते अधिक उठून दिसतात, आणि साधे स्निग्ध मलम व थोडे सनस्क्रीन यांनी ते हळूहळू मावळतात. शिवाय पोहण्याचे वर्ग, दिवसभराच्या क्रीडास्पर्धा, सहली, तेंदूपत्त्याच्या हंगामात आईबापांबरोबर रानात जाणे किंवा रोवणीच्या दिवसांत बांधावर काढलेले तास, अशा प्रसंगी उघड्या राहणाऱ्या चेहरा, मान आणि हात ह्या भागांना सनस्क्रीन लावण्यास प्रत्यवाय नाही.

परंतु सहा महिन्यांच्या आतील बाळाला सनस्क्रीन लावू नये, असा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा आणि तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे, आणि त्यामागील कारण समजून घेण्याजोगे आहे. तान्ह्या बाळाच्या त्वचेचा बाह्य थर पातळ असतो, आणि त्याच्या वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसाहून कितीतरी अधिक असते. त्यामुळे लावलेले द्रव्य शरीरात शिरण्याचे प्रमाण त्याच्या बाबतीत मोठे ठरते. अशा बाळाची झोळी झाडाच्या दाट सावलीत बांधावी, अंगात सैल सुती झबले असावे, आणि कोवळे ऊन द्यावयाचे ते सकाळीच द्यावे.

मोठ्या मुलांसाठीही घड्याळापेक्षा भरवशाची एक खूण आहे. मुलाची सावली त्याच्या उंचीहून आखूड झाली, की अतिनील किरण तीव्र आहेत असे समजावे आणि त्याला आडोशाला घ्यावे. कापडाची पारखही सोपी आहे. सदरा दिव्यासमोर धरला असता पलीकडचा उजेड स्पष्ट दिसत असेल, तर किरणही त्यातून आत शिरतात. घट्ट विणीचे, गडद रंगाचे, कोरडे आणि सैल कापड हे विरळ, पांढऱ्या आणि घामाने भिजलेल्या कापडापेक्षा अधिक संरक्षण देते. क्रिकेटची टोपी कान आणि मान उघडी टाकते. त्यापेक्षा रुंद काठाची टोपी, किंवा आपल्याकडील पद्धतीने डोक्याभोवती बांधून मानेवर सोडलेला सुती दुपट्टा, केव्हाही श्रेष्ठ.

वेष्टनाची मागची बाजू

गरज आहे असे ठरले, म्हणजे दुकानात जावे, आणि शेत विकत घेणारा जाणता माणूस बांधावरची हिरवळ पाहून न भुलता जसा आधी सातबाराचा उतारा मागतो, तशी ट्यूब हातात घेताच प्रथम उलटी करावी. आपल्या देशात सनस्क्रीन हे सौंदर्यप्रसाधनांत गणले जाते आणि त्याला १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा व २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू होतात. त्या नियमांन्वये वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक आणि कोणत्या महिन्यापूर्वी वापरावे ती मुदत, इतका मजकूर असलाच पाहिजे; माल परदेशातून आलेला असल्यास आयात नोंदणीचा क्रमांक पाहिजे. ह्यांपैकी एकही बाब गहाळ असेल, तर आतील मलम कितीही सुगंधी आणि स्वस्त असो, ते मुलासाठी घेऊ नये. आठवडी बाजारात, जत्रेत किंवा ब्यूटी पार्लरमध्ये बिननावाच्या डबीतून मिळणाऱ्या क्रीमची गणना ह्याच सदरात करावी.

त्यानंतर घटकांची यादी. ती इंग्रजीत आणि बारीक टायपात असते, म्हणून उजेडात धरून सावकाश वाचावी; स्वतःस वाचता येत नसल्यास घरातील शिकत्या मुलीकडून वा गावातील आरोग्यसेविकेकडून वाचून घ्यावी. यादीचा क्रम महत्त्वाचा असतो. ज्या घटकांचे प्रमाण शेकडा एकाहून अधिक आहे, ते उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, आणि त्याहून कमी असलेले घटक शेवटी, कोणत्याही क्रमाने, येऊ शकतात. समजा, दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत कोरफड आणि चंदन यांची चित्रे आहेत, पण यादीत आरंभी पाणी, मग इथाइलहेक्सिल मिथॉक्सिसिनॅमेट, मग ग्लिसरीन, आणि सर्वांत शेवटी, सुगंधाच्याही मागे, कोरफडीचा अर्क असा क्रम आहे. तर त्या ट्यूबमध्ये काम करणारे द्रव्य कोणते आणि शोभेचे कोणते, हे निराळे सांगावयास नको. मात्र तीस ग्रॅमहून कमी वजनाच्या वेष्टनांना ही यादी छापण्यातून नियमांनीच सूट दिलेली असल्यामुळे लहान ट्यूबा आणि पुड्यांवर ती पुष्कळदा नसते. मुलासाठी पहिल्याने घेताना त्यामुळेच, थोडे अधिक पैसे पडले तरी, यादी छापलेली मोठी ट्यूब घेणे शहाणपणाचे.

दर्शनी भागावरील दोन खुणा मात्र उपयोगाच्या आहेत. एसपीएफ हा आकडा त्वचा भाजणाऱ्या यूव्ही-बी किरणांपासून मिळणाऱ्या संरक्षणाचा आहे: एसपीएफ १५ चे मलम असे सुमारे ९३ टक्के किरण अडवते, ३० चे ९७ टक्के आणि ५० चे ९८ टक्के. म्हणजे ३० च्या पुढे आकडा दुप्पट झाला तरी संरक्षण दुप्पट होत नाही; मुलांसाठी ३० ते ५० हे प्रमाण पुरेसे होय. त्वचेत खोलवर जाणाऱ्या यूव्ही-ए किरणांसाठी पीए ह्या अक्षरांपुढील अधिक चिन्हे, किंवा ब्रॉड स्पेक्ट्रम हे शब्द पाहावेत. एसपीएफचा आकडा प्रत्यक्ष माणसांच्या त्वचेवर चाचणी घेऊन काढलेला असेल तरच त्याला अर्थ असतो. २०२५ सालच्या एप्रिल महिन्यात दोन भारतीय कंपन्यांमधील सनस्क्रीनच्या जाहिरातींचा वाद न्यायालयापर्यंत गेला, तो ह्याच आकड्याच्या खरेपणावरून. उलटपक्षी तज्ज्ञांनी तपासलेले, मुलांसाठी सौम्य, पूर्णतः नैसर्गिक अशा शब्दांवरून कोणती चाचणी, किती मुलांवर आणि किती दिवस केली, ह्याचा काहीही बोध होत नाही. निवड करताना ते शब्द जमेस धरू नयेत.

घटकांची ओळख

सनस्क्रीनमध्ये किरण अडविणारी द्रव्ये दोन जातींची असतात. पहिली जात खनिज द्रव्यांची. तीत झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड ही दोनच नावे येतात. ह्या चूर्णांचे कण त्वचेच्या पृष्ठभागावर राहतात आणि किरण शोषून व परतवून त्यांना आत जाऊ देत नाहीत. धड त्वचेतून रक्तात त्यांचा प्रवेश नगण्य होतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ साली सनस्क्रीनच्या प्रचलित द्रव्यांचा आढावा घेतला, तेव्हा सोळांपैकी केवळ ह्या दोनच द्रव्यांना सुरक्षित व परिणामकारक म्हणून मान्यता देण्याचा प्रस्ताव त्याने मांडला, पाबा आणि ट्रोलामाइन सॅलिसिलेट ही दोन द्रव्ये तशी नाहीत असे म्हटले, आणि उरलेल्या बारांविषयी अधिक पुरावा मागितला. झिंक ऑक्साइड तर लंगोटाच्या पुरळावरील मलमांतही कित्येक दशके वापरात आहे. ह्या मलमांचा एकच दोष मुलांना खुपतो: सावळ्या त्वचेवर त्यांचा पांढुरका किंवा करडा थर दिसतो. तो थर हा काही अपाय नव्हे. उलट मलम कोठे लागले आणि कोठे राहिले हे त्यावरून समजते. ह्या खनिजांची कोरडी पूड किंवा फवारा मात्र मुलांसाठी घेऊ नये, कारण त्वचेवर निरुपद्रवी असलेले चूर्ण श्वासावाटे फुप्फुसात जाणे इष्ट नाही.

दुसरी जात रासायनिक द्रव्यांची; ती अतिनील किरण शोषून त्यांचे रूपांतर किंचित उष्णतेत करतात, आणि पारदर्शक असल्यामुळे लोकांना आवडतात. ह्यांतील काही द्रव्ये यादीत निराळ्या नावांनी येतात, म्हणून ती नावे ओळखून ठेवावीत. ऑक्सिबेन्झोन हे बेन्झोफिनोन-३ ह्या नावाने, ऑक्टिनॉक्सेट हे इथाइलहेक्सिल मिथॉक्सिसिनॅमेट ह्या नावाने, आणि अ‍ॅव्होबेन्झोन हे ब्यूटाइल मिथॉक्सिडायबेन्झॉइलमिथेन ह्या नावाने छापलेले असते. होमोसॅलेट आणि ऑक्टोक्रायलीन ही बहुधा आपल्याच नावांनी येतात. २०१९ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात २४ प्रौढ व्यक्तींच्या शरीराच्या तीन-चतुर्थांश भागावर दिवसातून चार वेळा, चार दिवस सनस्क्रीन लावण्यात आले, तेव्हा त्यांतील रासायनिक द्रव्ये रक्तात उतरलेली आढळली, आणि त्यांचे प्रमाण ज्या मर्यादेपलीकडे अधिक तपास आवश्यक समजला जातो ती ओलांडून गेले होते. ह्याचा अर्थ ती विषारी ठरली असा नव्हे. शरीरात शिरणे आणि अपाय करणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रयोग करणाऱ्यांनीही सनस्क्रीन सोडून द्या असे सांगितलेले नाही. परंतु जे द्रव्य मोठ्यांच्या रक्तात उतरते, ते वाढत्या वयाच्या लहान शरीरात अधिक प्रमाणात उतरण्याचा संभव आहे, हा तर्क डावलता येत नाही.

ह्या द्रव्यांत ऑक्सिबेन्झोनविषयी शंका सर्वांत अधिक आहे. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर त्याचे अंतःस्रावांवर परिणाम दिसले असून त्याची अ‍ॅलर्जीही अनेकांना होते. युरोपीय संघाने २०२२ साली त्याची मर्यादा चेहऱ्याच्या मलमात ६ टक्के आणि सर्वांगाला लावण्याच्या मलमात २.२ टक्के अशी खाली आणली, आणि होमोसॅलेटला केवळ चेहऱ्याच्या मलमात, ७.३४ टक्क्यांपर्यंत, परवानगी ठेवली. ऑक्टोक्रायलीनची अ‍ॅलर्जी मुलांत आढळल्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे. ह्या साऱ्यांचा सारांश असा, की बारा वर्षांखालील मुलासाठी निवड करावयाची झाल्यास केवळ झिंक ऑक्साइड, किंवा झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड, असलेले मलम प्रथम पसंतीचे. ते न मिळाल्यास रासायनिक मलमांपैकी निदान ज्यात बेन्झोफिनोन-३ नाही ते घ्यावे. खनिजाचे नाव ठळक छापून आत रासायनिक द्रव्ये मिसळलेली मलमेही बाजारात असतात, म्हणून एक नाव सापडले की वाचन थांबवू नये. यादी शेवटपर्यंत वाचावी.

शेवटपर्यंत वाचण्याचे आणखी एक कारण आहे. मुलांच्या अंगावर जे पुरळ उठते, ते पुष्कळदा किरण अडविणाऱ्या द्रव्याचे नसून सोबतच्या सुगंधाचे किंवा परिरक्षकाचे असते. फ्रॅग्रन्स किंवा परफ्यूम हा शब्द असलेले मलम लहान मुलासाठी टाळावे. मिथाइलआयसोथायझोलिनोन हे परिरक्षक त्वचेवर लावून ठेवण्याच्या प्रसाधनांत वापरण्यास युरोपात २०१७ पासून मनाई आहे. ते नाव दिसल्यास ट्यूब परत ठेवावी. अल्कोहोलचे प्रमाण अधिक असेल तर डोळ्यांत आणि खरचटलेल्या जागी झोंबते. डास पळविणारे औषध मिसळलेले सनस्क्रीनही घेऊ नये. धानाच्या बांध्या आणि बोड्या यांच्या सान्निध्यात डासांचा उपद्रव खरा असला, तरी सनस्क्रीन पुनःपुन्हा लावावे लागते आणि डासांचे औषध पुनःपुन्हा लावणे मुलांना हितकर नसते. आणि आपल्या उष्ण, घामट हवेत फार तेलकट मलमाने घर्मरंध्रे बुजून घामोळ्या वाढतात, म्हणून लोशनसारखे हलके मलम निवडावे.

घरगुती उपायांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. खोबरेल किंवा तिळाचे तेल त्वचा मऊ ठेवते, परंतु भर उन्हात भरवशाचे संरक्षण देत नाही. लिंबाचा रस लावून मुलाला उन्हात सोडणे तर थेट अपायकारक आहे. लिंबातील काही द्रव्यांवर ऊन पडले असता त्वचेवर भाजल्यासारखे फोड येतात आणि काळे डाग कित्येक आठवडे राहतात.

दोन प्रकरणे आणि त्यांचा बोध

वेष्टन वाचण्याचा हा आग्रह पुस्तकी नव्हे, हे दाखविणारी दोन प्रकरणे आपल्याच राज्यात घडली आहेत. काही वर्षांपूर्वी अकोल्यातील एकाच घरातील तिघी स्त्रियांना मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला, तेव्हा स्थानिक ब्यूटी पार्लरमधून आणलेल्या उजळपणाच्या क्रीममध्ये पारा असल्याचे निष्पन्न झाले. आपल्या नियमांप्रमाणे डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांचा अपवाद वगळता कोणत्याही प्रसाधनात पाऱ्याचा अंश दशलक्ष भागांत एका भागाहून अधिक असता कामा नये. ऊन आणि काळेपणा एकाच वेळी घालविण्याचे आमिष दाखविणारी क्रीमे मुलींना लावण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनी हे प्रकरण विसरू नये.

दुसरे प्रकरण नामांकित मालाचे. बाळांच्या पावडरीचे नमुने विहित मर्यादेहून अधिक सामू असल्यामुळे अप्रमाणित ठरले, ह्या कारणास्तव महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीच्या मुलुंड येथील कारखान्याचा पावडरीचा परवाना रद्द केला; परंतु ११ जानेवारी २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते हुकूम रद्द ठरविले, आणि डिसेंबर २०१८ मध्ये घेतलेल्या नमुन्यांवर कारवाई व्हावयास लागलेल्या विलंबाबद्दल प्रशासनास दोष दिला. ह्यातून पालकाने घ्यावयाचा बोध एवढाच, की सरकारी तपासाचा निकाल लागावयास वर्षे लागू शकतात आणि तो फिरूही शकतो. तोपर्यंत मुलाच्या अंगाला काय लावावयाचे, हा निर्णय आपणच जपून घ्यावयाचा असतो.

हातावरची चाचणी आणि वापर

निर्दोष यादीचे मलमसुद्धा एखाद्या मुलाला मानवत नाही, म्हणून सर्वांगाला लावण्यापूर्वी चाचणी घ्यावी. कोपराच्या वळणाखाली, हाताच्या आतल्या बाजूस, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर मलम सकाळी लावावे आणि संध्याकाळीही लावावे. ती जागा धुण्याची घाई करू नये. असे तीन-चार दिवस करून रोज उजेडात पाहावे. लाली, खाज, बारीक पुरळ, सूज किंवा त्वचा खरखरीत होणे, ह्यांपैकी काही दिसले नाही तर मलम चेहऱ्यावर लावण्यास हरकत नाही. ज्या मुलाला इसब आहे किंवा दम्याची वा अन्य अ‍ॅलर्जीची प्रवृत्ती आहे, त्याच्या बाबतीत ही चाचणी डॉक्टरांना विचारूनच करावी. भंडाऱ्याच्या सामान्य रुग्णालयात, आणि अवघड प्रसंगी नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयात, त्वचारोग विभागाचा सल्ला मिळतो.

लावताना कंजुषी केल्यास वेष्टनावरील आकडा निरर्थक होतो. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी व मध्यमा ह्या दोन बोटांच्या लांबीइतके मलम घ्यावे, उन्हात जाण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे लावावे, आणि दर दोन तासांनी, तसेच पोहून आल्यावर वा घाम पुसल्यावर, पुन्हा लावावे. कान, मानेची मागची बाजू आणि पावलांचा वरचा भाग हमखास राहून जातो. पापण्यांवर, ओठांजवळ आणि तोंडात बोटे घालणाऱ्या लहान मुलांच्या हातांवर लावू नये. खरचटलेल्या वा चिघळलेल्या जागीही नको. फवारा मुलाच्या चेहऱ्यावर मारू नये. घरी आल्यावर साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने अंग धुवावे. ट्यूब दुचाकीच्या डिक्कीत किंवा खिडकीच्या उन्हात ठेवल्यास आतील द्रव्ये बिघडतात. तिचा वास, रंग किंवा घट्टपणा बदललेला दिसला तर मुदत शिल्लक असली तरी ती टाकून द्यावी.

पुरळ उठलेच तर मलम ताबडतोब धुऊन काढावे, त्वचेचे छायाचित्र घ्यावे, आणि डॉक्टरांकडे जाताना ट्यूब व खोकाही न्यावा, कारण कोणता घटक बाधला हे ठरविण्यास ती यादीच उपयोगी पडते. खरेदीची पावती नेहमी मागून घ्यावी आणि ट्यूब संपेपर्यंत जपून ठेवावी. वेष्टनावर परवाना क्रमांक नाही, मुदत खोडलेली आहे किंवा माल बनावट असावा असा संशय आहे, अशा वेळी गप्प न बसता अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ ह्या विनाशुल्क क्रमांकावर किंवा प्रशासनाच्या भंडारा येथील कार्यालयात लेखी तक्रार नोंदवावी. नुकसानभरपाईसाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागता येते. आपली एक तक्रार कदाचित आपल्या मुलाच्या उपयोगी पडणार नाही. पण त्याच दुकानातून तीच ट्यूब नेणाऱ्या दुसऱ्या एखाद्या मुलाचे रक्षण तिच्यामुळे निश्चित होऊ शकते.

सारांश, सहा महिन्यांच्या आतील बाळाला सनस्क्रीन नको. त्यापुढील मुलांना आधी सावली, अंगभर कापड, पाणी आणि दुपारचे घर द्यावे. जेथे ह्या चारांनी भागत नाही तेथे झिंक ऑक्साइडचे, सुगंधविरहित, ३० किंवा अधिक एसपीएफचे, परवाना आणि घटक स्पष्ट छापलेले मलम चाचणी घेऊन लावावे. आणि ज्या ट्यूबवर घटकांची यादी नाही, ती कोणी कितीही भरवशाने दिली तरी मुलाच्या अंगाला लावू नये, हीच सर्व पालकांना आग्रहाची विनंती.